हिंदीतली आई

झाशीत मला लोक अजूनही विचारतात, "दीदी, आप पिक्चर में करती क्या थीं?" मी सांगते, लिहीत होते. "गाने?" नाही, गाणी नाहीत. "तो फिर?" मी म्हणते, नट-नटी जे बोलतात ते. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. खंडेराव गेटपाशी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे मियाँजी बसायचे. त्यांनी तर मला तोंडावरच सांगितलं, "बहनजी, बुरा न मानना, पर वो लोग तो अपने मन से बोलते हैं. हमने खुद देखा है." मी वाद घातला नाही. आपलं काम इतकं बेमालूम झालं असेल तर तक्रार करायची कुणाकडे?

महाराष्ट्रातल्या वाचकांना दुसरा प्रश्न पडेल, की ही बाई झाशीची आणि मराठीत कशी लिहिते? तर इकडे आमची मराठी घरं आहेत. पूर्वज कारभाराला आणि पूजेअर्चेला इकडे आले आणि इथलेच झाले. नंतर रेल्वेच्या नोकरीनं आणखी काही घरं आणली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडण रंगात आलं की बुंदेली, अशी आमची वाटणी. पण भाषा काही उंबरा पाळत नाहीत. आम्ही पाहुण्या मुलाला "खाली बैठो" म्हणतो आणि तो बिचारा विचारात पडतो, की खाली म्हणजे रिकामं कशाला बसायचं? आमच्या घरातली आजची मुलं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. हे आधी सांगून ठेवते, कारण माझ्या पोटापाण्याची सगळी गंमत आणि माझ्या आयुष्यातलं एक मोठं दुखणं या दोन भाषांच्या फटीतच आहे.

आमचं घर गेटच्या आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. समोर शांती राहायची, माझ्या वर्गातली. शाळेला निघताना ती खालून ओरडायची, "कुमुद! ओ कुमुद!" आणि मी वेणी घालता घालता वरून उत्तर द्यायचे, "आई!" हिंदीत मुलगी असंच म्हणते. आई, म्हणजे आले, येतेय. पण स्वयंपाकघरातून माझी आई लगेच म्हणायची, "ओ! काय ग?"

"तुला नाही ग. शांतीला म्हटलं."

"मग आले म्हण. आई कशाला म्हणतेस? हातातलं टाकून यावं लागतं मला."

रोज हेच. तिला पक्कं ठाऊक असायचं की हाक शांतीला गेलेली आहे, तरी तोंडातून 'ओ' निघायचाच. नाना, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कारकून होते. ते पेपराच्या आडून म्हणायचे, "तू तरी ओ देऊ नकोस." आई म्हणायची, "मी कुठं देते? आपोआप जातो."

नानांमुळेच मला सिनेमाचा नाद लागला. रेल्वेच्या लोकांसाठी एक हॉल होता, तिथं रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट दाखवायचे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. कधी नवी रिळं वेळेवर आली नाहीत की गोदामातले जुने मुके अमेरिकन चित्रपट लावायचे. माणसं भराभर चालायची, ओठ हलायचे, आवाज नाही. आणि मध्येच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादं वाक्य उमटायचं. मला त्या वाक्यांचं विलक्षण कुतूहल वाटायचं. पडद्यावरची बाई इतका वेळ बोलते आणि लिहून तीनच शब्द येतात. हे तीन कुणी निवडले?

मी मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लिखेगा कौन, बिटिया? फोटू खिंचती है, बस."

तिकिटं फाडायला एक अँग्लो-इंडियन बाई बसायच्या, डोरा मिस. तरुणपणी त्या मुक्या चित्रपटांबरोबर पियानो वाजवायच्या. त्यांनी माझं ऐकलं आणि जवळ बोलावलं. "बेबी, वो सब लिखा हुआ है. कौन रोएगा, कब रोएगा, सब. मैंने मैगज़ीन में पढ़ा था, एक लेडी लिखती थी."

"लेडी?"

"हाँ, अमेरिका में. पहले कंपनी में टाइपिंग करती थी. फिर एक दिन बोली, इससे अच्छी स्टोरी तो मैं लिख दूँ. लिख दी. फिर लिखती ही गई. कैमरे के पीछे कुर्सी डालकर बैठती थी. ऐक्टर पूछता, अब क्या करूँ? वो वहीं बैठे-बैठे बता देती."

"मग? फिर?"

"फिर पिक्चर बोलने लगी. कंपनी ने कहा, थैंक यू मैडम, अब हमको नाटकवाले चाहिए."

"उसके बाद?"

"बाद का मैगज़ीन में नहीं था, बेबी."

नाव विचारलं. डोरा मिसनी कपाळाला बोट लावून खूप आठवून पाहिलं, पण नाव काही आठवेना. पुढं त्या ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या आणि ते नाव त्यांच्याबरोबर गेलं. मुंबईत आल्यावर मी परदेशात शिकून आलेल्या एका कॅमेरामनला विचारलं, तर तो म्हणाला की त्या काळी तिकडं अशा पुष्कळ बायका लिहीत होत्या, तुम्ही नेमकी कुठली म्हणताय? मला काय सांगता येणार! पण ती बाई माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. ती नंतर काय करत असेल? स्वतःचा जुना चित्रपट कुठं लागला तर तिकीट काढून जात असेल का? आणि नवल वाटेल, पण मला सगळ्यात जास्त प्रश्न हा पडायचा, की तिच्या आईला हे चाललं कसं?

कारण माझ्या आईला चाललं नाही.

मी बी.ए. होऊन मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायला लागले होते. तेव्हा मुंबईची एक कंपनी बेतवा नदीच्या काठी डाकूंचा चित्रपट काढायला आली. दिग्दर्शकांना सगळे दादा म्हणत. त्यांना बुंदेली जाणणारं कुणीतरी हवं होतं, शाळेनं मला पाठवलं. पाहते तर त्यांचा डाकू कुठल्या तिसऱ्याच मुलखातली भाषा बोलत होता. मी जमेल तिथं दुरुस्त केलं. गावकरी सरदाराला "जी हाँ सरकार" म्हणत होता, तिथं "हओ" लिहिलं. आमच्याकडे हो म्हणायला 'हओ' म्हणतात. पहिल्या शॉटला आवाज टिपणाऱ्यानं काम थांबवलं आणि म्हणाला, "दादा, ये आदमी खाँस रहा है." जवळच्या चिरगाँवहून बघायला आलेली शंभरएक माणसं हसायला लागली. तेव्हा दादांनी त्या माणसांकडे वळून विचारलं, "ठीक बोला कि नहीं?" आणि सगळा घोळका एका आवाजात म्हणाला, "हओ!" त्या क्षणी माझी नोकरी पक्की झाली असं म्हणायला हरकत नाही. दादा म्हणाले, "आप बंबई आइए. लिखना भी सिखा देंगे."

घरी सांगितलं. नाना गप्प बसले, म्हणजे त्यांची ना नव्हती. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. इकडची मराठी घरं मोजकी, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. पुरोहितांच्या घरातली मुलगी सिनेमात गेली म्हटल्यावर काय बोललं जाईल हे तिला दिसत होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. पण सिनेमात गेलीस तर मला आई म्हणायचं नाही."

मला वाटलं, रागात म्हणते आहे. पण आमची आई शब्दाची पक्की. मी निघाले त्या दिवशी ती देवळात जाऊन बसली. नानांनी फलाटावर पुरी-भाजी घेऊन दिली. तिच्या हातचा डबा नसलेला तो माझा पहिला प्रवास, आणि मी ती पुरी-भाजी रडत रडत खाल्ली.

आता धंद्याबद्दल थोडं. बाहेरच्यांना सगळं एकच वाटतं, पण कथा वेगळी, पटकथा वेगळी, संवाद वेगळे. कथा म्हणजे काय घडतं. पटकथा म्हणजे ते कुठल्या क्रमानं दिसतं. संवाद म्हणजे कोण काय बोलतं. आणि जो ते लिहितो त्याला तेव्हा मुन्शी म्हणत. मी बाई असूनही मुन्शीजीच होते, दुसरा शब्द कुणी शोधला नाही. मी देवनागरीत लिहायचे. नायकाला फक्त उर्दू वाचता यायचं, नायिकेला इंग्रजी अक्षरं. एकच वाक्य तीन लिप्यांत उतरवलं जायचं आणि सेटवर चौथंच बोललं जायचं. शिवाय लिहिण्यापेक्षा खोडणं जास्त. नट डोळ्यांनी सांगू शकतो ते लिहायचं नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी सांगू शकणारे नट फार नसतात, ही या धंद्यातली खरी अडचण.

माझी पहिली फजिती माझ्या मराठीनं केली. एका प्रवेशात वडील जेवता जेवता चिडतात. मी हिंदीत सूचना लिहिली, "यहाँ पिता को राग आता है, वे थाली सरका देते हैं." आमच्या घरी असंच बोलतात, मला त्यात वावगं दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी संगीतकारांनी मला बोलावलं. मोठे गंभीर गृहस्थ. शेजारी एक सारंगीवाला तयार बसलेला.

"मुन्शीजी, पिता को कौन-सा राग आता है?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, हिंदीत राग म्हणजे फक्त गाण्यातला. "जी, राग नहीं, क्रोध. क्रोध आता है."

"तो क्रोध लिखतीं! मैं रात से सोच रहा हूँ, थाली सरकाने का कौन-सा राग होगा."

तेव्हापासून कंपनीत कुणीही चिडलं की लोक विचारायचे, "कौन-सा राग है आज?" 

दुसरी आठवण एका नायिकेची. मोठी गुणी बाई, पण तिचा पक्का समज होता की कॅमेऱ्यासमोर बोललेलं खरं होतं. 'विधवा' म्हणणार नाही, 'मरना' म्हणणार नाही. आणि भूमिका विधवेची! नवरा गेला हे प्रेक्षकांना सांगायचं कसं? दादा वैतागले. मी दोन दिवस काही न लिहिता बसले. मग एक छोटा प्रवेश लिहिला. पाऊस आला म्हणून शेजारीण छत्री मागायला येते. ही खुंटीवरची पुरुषाची छत्री काढते, पदरानं तिच्यावरची धूळ पुसते, हातात देते आणि म्हणते, "लौटाने की जल्दी नहीं है." बस. थिएटरात बायका हमसून रडल्या. नायिका मला म्हणाली, "देखिए मुन्शीजी, हमने कुछ कहा भी नहीं." त्या बाईच्या अंधश्रद्धेनं मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. ते वाक्य आजही लोक दादांचं समजतात. समजोत बापडे.

समजणारच, कारण माझं नाव कुठं होतं? कंपनीचे मालक, आमचे सेठजी, त्यांची पद्धत अशी, की पडद्यावर यायचं 'कथा विभाग'. कथा विभाग म्हणजे मी, एक डुगडुगतं टेबल आणि पाण्याचा माठ. मी एकदा विचारलं. सेठजी म्हणाले, "एक का नाम दूँ तो दूसरा रूठ जाएगा."

"दूसरा कौन, सेठजी?"

"अभी नहीं है. आगे हो सकता है."

मला हसू आलं, आणि खोलीवर आल्यावर त्या अमेरिकन बाईची आठवण आली. तिच्याकडं निदान बसायला स्वतःची खुर्ची होती.

दिवाळीला मी झाशीला जायचे. आई वाढायची, माझ्या आवडीचं करायची, पण बोलायची नाही. "तिला विचारा, भाजी हवी का?" असं ती नानांना म्हणायची आणि मी समोरच बसलेली. मी नानांना म्हणायचे, "हवी म्हणावं." नाना बिचारे चेंडूसारखे इकडून तिकडे. एकदा ते कंटाळून म्हणाले, "मी रेल्वेत आहे, तारखात्यात नाही." दोघी हसलो, पण एकमेकींकडे न बघता. तिनं मला आई म्हणू नकोस म्हटलं होतं, आणि मीही हट्टी, नाही म्हणाले. नुसतं "अगं", "हे बघ", "इकडं" असं करून वर्षं काढली. ज्या बाईला दिवसातून पन्नास वेळा हाक मारत होते तिच्यासाठी माझ्या तोंडात शब्दच उरला नाही. संवाद लिहिणाऱ्या बाईची ही दशा.

मग दादांनी नवा विषय काढला. जत्रेत हरवलेली मुलगी, बेतव्याकाठच्या नावाड्यानं वाढवलेली, मोठी झाल्यावर आईला सापडते. हरवलेलं माणूस सापडतं कसं, हा तेव्हाच्या चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रश्न असायचा. लॉकेट, तीळ, नाहीतर लहानपणचं गाणं. मी ती कथा घेऊन बसले आणि एकाएकी मला आमची गल्ली आठवली. लिहिलं ते असं. हरवलेली मुलगी झाशीच्या मराठी घरातली, हे तिला स्वतःला माहीत नाही. ती गेटपाशी एका बांगडीवाल्याच्या दुकानात आत बसली आहे. बाहेरून मैत्रीण हाक मारते, "बिट्टो! ओ बिट्टो!" ती आतून म्हणते, "आई!" आणि रस्त्यानं भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक मराठी बाई थबकते आणि म्हणते, "ओ!"

सेठजींना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत. डोळे उघडले. "लॉकेट कहाँ है?"

"लॉकेट नहीं है, सेठजी."

"तिल?"

"तिल भी नहीं."

"तो लड़की मिलेगी कैसे?"

"माँ ओ बोलेगी. मराठी में माँ को आई कहते हैं."

"पब्लिक को मराठी कौन समझाएगा?"

मी म्हटलं, पहिल्या रिळात लहान मुलगी जत्रेत "आई, आई" करत रडताना दाखवू, पब्लिक विसरणार नाही. सेठजी दादांकडे बघायला लागले. दादांना त्यांची नस ठाऊक होती. ते म्हणाले, "सेठजी, लॉकेट का मतलब पूरा फ्लैशबैक, सेट, बच्ची के गहने. एक शब्द का सेट नहीं लगता." सेठजींना ते पटलं, फक्त शेवटी मिठी आणि गाणं हवं म्हणाले. गाणं आलंच.

तो प्रवेश खरोखरच खंडेराव गेटपाशी चित्रित झाला. सगळी गल्ली लोटली. शांती आली, नाना आले. आई आमच्या खिडकीत दिसली आणि लगेच खिडकी लागली.

बाहेरच्या चित्रणात गर्दीचा गोंगाट फार, म्हणून आवाज नंतर मुंबईत भरायचा होता. तिथं मी एक चूक केली. नायिका लखनौकडची, तिला मी उत्साहानं सांगितलं की या शब्दाचा मराठीत अर्थ माँ. झालं! इतका वेळ ती "आई" असं सहज म्हणत होती. अर्थ कळल्यावर तिचा कंठ दाटून यायला लागला. "आऽऽई!" जणू सगळं ओळखूनच बसली आहे. दादा म्हणाले, "अरे, लड़की को कुछ पता नहीं है. वो सिर्फ बोल रही है कि आ रही हूँ." पुन्हा "आऽऽई!" आणि पुन्हा डोळ्यांत पाणी. शेवटी तिला दुसऱ्या चित्रणाला जायचं होतं, ती गेली. माझा प्रवेश त्या एका शब्दावाचून अडला. लॉकेटवाले जिंकणार असं दिसायला लागलं.

मी कोपऱ्यात माठातून पाणी घेत होते. दादा दाराबाहेर गेले आणि एकदम बाहेरून मोठ्यानं हाक आली, "कुमुद! ओ कुमुद!"

मी पाणी ओतता ओतता म्हटलं, "आई!"

आवाज टिपणाऱ्यानं हात वर केला. "हो गया."

मशीन चालूच होतं. त्यांनी मला तो शब्द परत ऐकवला. माझाच आवाज, आमच्या गल्लीतला, वेणी घालतानाचा. किती वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून असा निघाला नव्हता! मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले. दादांना वाटलं, मला परवानगी न विचारता आवाज घेतला म्हणून राग आला. त्यांनी घाबरत विचारलं, "कौन-सा राग है, मुन्शीजी?" 

चित्रपट झाशीला लागला तेव्हा मी मुद्दाम आले. नानांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की या खेपेला कुमुदचं नाव पडद्यावर येणार. मी त्यांना नाही म्हणून लिहिलं होतं, पण बापाचं मन. "आपलं गेट आहे त्यात, नाव कसं देणार नाहीत?" असा त्यांचा हिशेब. आई येणार नव्हती. शांतीनं तिला घोळात घेतलं. "मौसी, कुमुद की पिक्चर मत देखो. अपना गेट देख लो. गेट ने क्या बिगाड़ा है?" गेट बघायला म्हणून आई तयार झाली.

दुपारचा खेळ. बायकांची जागा वर, पुरुष खाली. आईनं आपल्या आणि माझ्यामध्ये शांतीला बसवलं. दिवे मालवले. नावं सुरू झाली. नट, नटी, गाणी, कॅमेरा. मग आलं, 'कहानी-संवाद : कथा विभाग'. खाली नाना उठून उभे राहिले, पडद्याकडं बघत. पुढची पाटी आली, त्याच्या पुढची आली. मागचे लोक ओरडले, "बैठो बाबूजी!" तेव्हा ते बसले. शांतीनं माझा हात दाबला. आई पडद्याकडंच बघत होती. ती हळूच शांतीला म्हणाली, "इसका नाम नहीं आया?" शांती म्हणाली, "नहीं मौसी." मला वाटलं, संपलं. ज्या कामासाठी आई सोडली त्याच्यावर माझ्या नावाचं एक अक्षरही नाही, आणि हे तिनं डोळ्यांनी बघितलं.

पहिल्या रिळात जत्रेतली लहान मुलगी रडली. आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. पुढं डाकू, होडी, पूर, गाणी, सगळं रीतसर झालं. आणि मग पडद्यावर आमचं गेट आलं. अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. कुणी स्वतःचं दुकान ओळखलं, कुणी स्वतःची बकरी. त्या गोंधळातच पडद्यावरच्या मैत्रिणीनं हाक मारली. "बिट्टो! ओ बिट्टो!"

आणि आतून माझा आवाज आला. "आई!"

पडद्यावरच्या बाईनं थबकायचं होतं, वळायचं होतं, मग म्हणायचं होतं. मी तसं लिहिलं होतं. पण तिच्या आधीच शांतीच्या पलीकडून, भर थिएटरात, खणखणीत आवाज उठला.

"ओ! काय ग?"

आसपासच्या बायका हसल्या. खालून नानांनी मान वर केली. आई गोंधळली. तिनं पडद्याकडं बघितलं, तिथं नायिका दुकानाबाहेर येत होती, भलतीच कुणीतरी मुलगी. मग आई हळूहळू माझ्याकडं वळली. तिला कळलं होतं. अंधारात तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मध्ये बसलेली शांती मागं रेलली.

आई शांतीच्या मांडीवरून माझ्याकडं वाकली. इतक्या वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य काय असेल याचा मी खोलीवर बसून किती वेळा विचार केला होता. लिहूनही पाहिलं होतं, एकही जमलं नव्हतं.

"आले म्हणावं," ती म्हणाली. "किती वेळा सांगायचं ग तुला?"

"आले, आई," मी म्हटलं.